गाडीच्या पोटातलं पाणी

लांब पल्ल्याच्या जुन्या ड्रायव्हरांच्या टूलबॉक्समध्ये पाने, जॅक आणि जादा फॅनबेल्ट यांच्यासोबत एक कागदी पुडी असायची. हळदीची. वाटेत रेडिएटरला बारीक छिद्र पडून पाणी ठिबकू लागलं, की गाडी कडेला घ्यायची, थंड होऊ द्यायची, झाकण उघडून चमचा-दोन चमचे हळद आत सोडायची, वरून विहिरीचं नाहीतर ओढ्याचं पाणी ओतायचं आणि पुढचं गाव गाठायचं. हळदीची भुकटी गरम पाण्यात फुगते, पाण्याबरोबर वाहत छिद्राच्या तोंडाशी येऊन अडकते आणि गळती मंदावते. घाटात अडकलेल्या माणसाला तेवढंही पुरेसं होतं.

त्या काळचे रेडिएटर हा उपचार सोसणारे होते. तांब्याच्या नळ्या, पितळेच्या टाक्या आणि शिशा-कथलाचा डाग. चोंदलाच, तर रेडिएटरवाला वरची टाकी उघडायचा, नळ्यांतून सळई फिरवायचा आणि पुन्हा डाग देऊन बसवायचा. इंजिनही बिडाचं, जाडजूड. ॲम्बेसिडर आणि फियाटच्या जमान्यात कोणतंही पाणी चाललं, ते या जाडजूडपणाच्या जोरावर.

आजच्या गाडीत हे सगळं बदललेलं आहे. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या नळ्या चपट्या आणि आतली वाट जेमतेम एक-दोन मिलीमीटरची. टाक्या प्लॅस्टिकच्या, कडा दाबून बसवलेल्या. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, बऱ्याच गाड्यांत ब्लॉकही ॲल्युमिनियमचा. या यंत्रणेत हळद घातली तर गळतीबरोबर पाण्याची वाटही बुजते आणि हीटरचा छोटा रेडिएटर तर सगळ्यात आधी बसतो. बोअरचं पाणी घातलं तर तेच होतं, फक्त सावकाश. हळदीची पुडी टूलबॉक्समधून गेली. ‘पाणी काय, कुठलंही चालतं’ हा समज मात्र अजून गेलेला नाही.

तो समज का जायला हवा, हे कळण्यासाठी इंजिनातल्या उष्णतेचा हिशेब पाहावा लागतो. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातला ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे धुरासोबत बाहेर पडतो आणि उरलेला जवळपास तेवढाच हिस्सा इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरमध्ये ज्वाळेचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही हेड वितळत नाही, कारण त्याच्या पोटातल्या पोकळ्यांमधून सतत पाणी फिरत असतं आणि ती उष्णता उचलून रेडिएटरकडे नेत असतं. हे फिरणं काही मिनिटं थांबलं, तर हेड वाकतं, हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट फुटतं, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतं. मग डिपस्टिकवर दुधाळ चहाच्या रंगाचं ऑइल दिसतं आणि मेकॅनिक ‘हेड उतरवावं लागेल’ असं सांगतो.

उष्णता वाहून नेण्याच्या कामात पाण्याला तोड नाही. एक किलो पाणी एका अंशानं तापवायला ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. कूलंटचा मुख्य घटक असलेल्या इथिलीन ग्लायकॉलला लागते साधारण २.४. म्हणजे तेवढ्याच वजनाचं पाणी ग्लायकॉलपेक्षा पाऊणपट जास्त उष्णता अंगावर घेतं. मोटारगाडीच्या जन्मापासून तिला पाणीच लागत आलं, त्याचं कारण हे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली तीनचाकी घेऊन, दोन मुलांना सोबत बसवून, मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी इंजिनाच्या उष्णतेनं उकळून वाफ होऊन जायचं. त्यामुळे वाटेत पुन्हा पुन्हा थांबून, मिळेल तिथून पाणी भरावं लागलं. पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. सहा मिलीमीटर चौकोनी अशा ८०७० नळ्या, मागे पंखा आणि अवघं नऊ लिटर पाणी. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं, ही रचना तिथून रुळली.

तेच पाणी वर्षानुवर्षं फिरणार असेल, तर ते कसं आहे याला महत्त्व येतं.

पाण्याच्या तीन खोडी आहेत. ते शंभर अंशांना उकळतं, शून्याला गोठतं आणि धातू खातं. पहिल्या खोडीवरचा इलाज म्हणजे रेडिएटरचं झाकण. हे झाकण साधं बूच नव्हे. त्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, तो आतला दाब वातावरणापेक्षा साधारण ०.९ ते १.१ बारनं जास्त होईपर्यंत उघडत नाही. घरातल्या प्रेशर कुकरचंच तत्त्व. एवढ्या दाबाखाली साधं पाणीही समुद्रसपाटीला १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मं ग्लायकॉल असेल तर ही मर्यादा १२८-१२९ अंशांपर्यंत जाते. झाकणाच्या रबराला चीर गेली, स्प्रिंग सैल पडली, की हा सगळा फायदा जातो आणि नव्वद-शंभर अंशांवर सुखात चालणारं इंजिन उकळायला लागतं. गाडी गरम होते म्हणून वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुऊन घेतला, आणि दोष शेवटी झाकणात निघाला, असं गॅरेजमध्ये पुष्कळदा घडतं. तक्रार आली की तपासणी झाकणापासूनच सुरू व्हावी. सगळ्यात स्वस्त सुटा भाग तोच.

उंचीचाही इथे संबंध येतो. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून कितीतरी लोक स्वतःची गाडी घेऊन लडाखला जातात. चढ, विरळ हवा, कमी वेग, आणि उकळबिंदू आधीच खाली आलेला. अशा वेळी झाकण धड असणं आणि कूलंटचं प्रमाण नीट असणं, या दोन गोष्टी गाडीला वाचवतात. हिवाळ्यात तिकडे रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीचा प्रश्न उलटा असतो. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि ते फुगणं ॲल्युमिनियमला सोसत नाही, ब्लॉक तडकतो. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल, तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात गोठण्याची भीती नाही. म्हणूनच ‘आपल्याकडे कूलंट कशाला, ते बर्फातल्या लोकांसाठी’ असं अजूनही ऐकू येतं. हे बोलणारा माणूस तिसरी खोडी विसरतो. आपल्याकडच्या इंजिनांना खरा धोका आहे तो धातू खाणाऱ्या आणि धातूवर पुटं चढवणाऱ्या पाण्याचा.

ज्या गावात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बंबाच्या आत पांढरी खपली धरते, तिथल्या बाईला पाण्याची परीक्षा शिकवावी लागत नाही. दख्खनच्या बसाल्ट खडकात मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन बोअरमध्ये येतं. पाणी तापलं, की त्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाला, भिंतींना चिकटतं. बंबात ते चिकटतं, गीझरच्या कॉइलवर चिकटतं, आणि इंजिनात चिकटतं ते नेमकं जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, हेडच्या पोटात. ॲल्युमिनियममधून उष्णता जितक्या सहज जाते, तिच्या तुलनेत या खपलीतून जवळपास शंभरपटीनं अडखळत जाते. काटा अजून मध्यावर असतो, पाणी पुरेसं असतं, आणि खपलीमागचा धातू मात्र आतल्या आत भाजत राहतो.

विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजलच खारट. पिण्याच्या पाण्यासाठी तिथल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या हाल सोसले आहेत. असं पाणी रेडिएटरमध्ये गेलं, तर खपलीच्या जोडीला क्लोराइड येतं, आणि ॲल्युमिनियमचा खरा वैरी तो. ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तोच त्याचं रक्षण करतो. क्लोराइड हा पापुद्रा ठिकठिकाणी फोडतं आणि तिथून सुईच्या टोकाएवढे खड्डे आत आत जात राहतात. कोकणातल्या खाडीकाठच्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरतं, तिथेही हाच धोका. सह्याद्रीतल्या धरणांतून शहराला येणारं नळाचं पाणी त्या मानानं मऊ. पण त्याच शहराच्या वाढत्या उपनगरांत सोसायटीला टँकर येतो, आणि टँकरमध्ये बहुधा बोअरचं पाणी असतं.

दोन आकड्यांची तुलना इथे फार बोलकी आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, क्लोराइडसाठी लिटरला २५० मिलीग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा सांगतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत सूट देतं. कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. आता कॅटरपिलर ही जड यंत्रं बनवणारी कंपनी तिच्या इंजिनांत कूलंटसोबत मिसळायच्या पाण्यासाठी काय म्हणते, ते पाहा: क्लोराइड ४० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नको, सल्फेट १०० पेक्षा जास्त नको, कठीणपणा १७० च्या आत, एकूण विरघळलेले घन पदार्थ ३४० च्या आत. म्हणजे माणसानं बिनदिक्कत प्यावं असं पाणीही इंजिनासाठी सहापट खारट असू शकतं. ‘आम्ही पितो तेच पाणी गाडीला घालतो’ असं अभिमानानं सांगणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा. माणसाच्या शरीराला क्षार लागतात. इंजिनाला एकही लागत नाही.

मग कुठलं पाणी घ्यावं? उत्तर सोपं आहे आणि स्वस्तही. बॅटरीच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, स्पेअर पार्टवाल्याकडे पाच लिटरच्या कॅनमध्ये डीएम वॉटर मिळतं. डीएम म्हणजे डीमिनरलाइज्ड, क्षार काढून टाकलेलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच हे पाणी. ऊर्ध्वपातन केलेलं डिस्टिल्ड वॉटरही तितकंच चांगलं. साधारण एका थाळीच्या पैशांत पूर्ण गाडीची सोय होते. विकत घेताना कॅनवर ‘वॉटर’ लिहिलंय ना, एवढं मात्र डोळ्यांनी पाहावं. त्याच दुकानात, तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही मिळतं.

घरच्या आरओचं पाणी लोक मोठ्या विश्वासानं वापरतात. ते बोअरच्या पाण्यापेक्षा खूपच बरं. पण अनेक यंत्रांत चव राखण्यासाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलं जातं किंवा खनिजांची कांडी बसवलेली असते. बाटलीबंद पाण्यातही बऱ्याचदा खनिजं मुद्दाम घातलेली असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मुळात हवेतली वाफ थंड होऊन आलेलं, म्हणून जवळपास क्षारमुक्त असतं. पण ते धुळीनं भरलेल्या कॉइलवरून ओघळत येतं. डीएम वॉटर इतकं सहज मिळत असताना त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

एक आक्षेप वाचकाच्या मनात येईल, कारण तो बरेच मेकॅनिकही घेतात: क्षार नसलेलं पाणी ‘भुकेलं’ असतं, ते धातूच खातं. नुसतं डीएम वॉटर भरलं, तर या म्हणण्यात तथ्य आहे. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि धातूच्या रक्षणासाठी त्यात काहीच नसतं. पण ते कूलंटमध्ये मिसळलं, की ती ‘भूक’ कूलंटमधली रसायनं भागवतात. नळाचं पाणी मिसळलं, तर तीच रसायनं क्षारांशी झुंजण्यात खर्ची पडतात.

या रसायनांमुळेच कूलंटला कूलंटपण येतं. लोकांना वाटतं, कूलंट म्हणजे ग्लायकॉल. इथिलीन ग्लायकॉल हा बाटलीतला मोठा भाग असतो हे खरं. पण उकळबिंदू वर आणि गोठणबिंदू खाली नेणं, एवढंच त्याचं काम. गंज रोखतात ती त्यात काही टक्क्यांनी घातलेली संरक्षक द्रव्यं, आणि कूलंटच्या जाती ठरतात त्या या द्रव्यांवरून.

जुनी जात सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट अशा अजैविक क्षारांची. ती धातूवर झटकन थर चढवते, पण लवकर संपते. दोनेक वर्षांत बदलावी लागते. दुसरी जात सेंद्रिय आम्लांची, तिला उद्योगात ओएटी म्हणतात. ती सगळीकडे थर चढवत नाही, जिथे गंज सुरू होऊ पाहतो तिथे धातूला चिकटते. म्हणून ती सावकाश खर्च होते आणि पाच वर्षंही टिकते. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९९५ मध्ये नारिंगी रंगाचा डेक्स-कूल आणला, तेव्हापासून ही जात घरोघरच्या गाड्यांत पोहोचली. तिसरी जात दोन्हींचं मिश्रण, आणि तिच्यात भूगोल उतरला आहे. युरोपात नळाचं पाणी जड. फॉस्फेट त्यातल्या कॅल्शियमशी मिळून साका धरतं. म्हणून युरोपीय कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सेंद्रिय आम्लांसोबत सिलिकेट घेतलं. जपानी कंपन्यांना सिलिकेटमुळे वॉटर पंपाचं सील झिजण्याची काळजी. त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवलं. महाराष्ट्राच्या रस्त्यावर चाकणला बनलेली जर्मन घराण्याची गाडी आणि तिच्या शेजारी जपानी घराण्याची गाडी सिग्नलला उभी असते. दोघींच्या पोटात वेगळं रसायन असतं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

दुकानात मात्र संभाषण रंगावर चालतं. ‘हिरवा देऊ का लाल?’ रंग हा निव्वळ घातलेला रंग आहे. ग्लायकॉल आणि त्यातली द्रव्यं मुळात रंगहीन असतात. गळती दिसावी आणि बाटली ओळखता यावी म्हणून कंपनी आपल्या मर्जीनं रंग घालते. जगात त्याचा एक नियम नाही. फोक्सवॅगनच्याच घरात पाहा: जी-११ निळसर हिरवा, जी-१२ लाल, जी-१३ जांभळा. टोयोटाचा दीर्घकाळ टिकणारा गुलाबी, होंडाचा निळा. एका कंपनीचा हिरवा जुन्या अजैविक जातीचा असू शकतो आणि दुसरीचा हिरवा सेंद्रिय. दोन हिरवे आहेत म्हणून ते जमतील असं नाही, आणि एक लाल, एक गुलाबी आहे म्हणून भांडतीलच असंही नाही. जी-११ आणि जी-१२ एकत्र झाले, की तपकिरी गाळ तयार होतो, हे त्या गाड्यांच्या मेकॅनिकांना पुरतं ठाऊक आहे. गाळ झाला नाही तरी दोन जाती मिसळल्यावर दीर्घायुषी कूलंटचं आयुष्य घटतं, आणि हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

निवड करायची ती गाडीच्या पुस्तिकेवरून. त्यात कूलंटचा प्रकार किंवा मानक लिहिलेलं असतं, आणि बाटलीच्या मागच्या बाजूला तेच शब्द शोधायचे. भारतात आयएस ५७५९, जपानी गाड्यांसाठी जेआयएस के २२३४, अमेरिकी मानकात एएसटीएम डी ३३०६ असे क्रमांक चांगल्या बाटलीवर छापलेले असतात. ज्या बाटलीवर कुठलंच मानक नाही, फक्त गोठलेल्या डोंगराचं चित्र आणि झगझगीत रंग आहे, ती स्वस्त असली तरी घेऊ नये. वॉरंटीतल्या गाडीत कंपनीनं सांगितलेलाच कूलंट घालावा. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीच्या कूलंटला विजेच्या वहनाचीही मर्यादा असू शकते. तिथे बाजारातली बाटली आणून ओतण्याचा प्रयोग करूच नये.

बाटली घेताना आणखी एक गोष्ट तपासायची: ती मिसळून तयार आहे, की कॉन्सन्ट्रेट. ‘रेडी टू यूज’ लिहिलेल्या बाटलीत पाणी आधीच घातलेलं असतं, तेही क्षारमुक्त. ती तशीच ओतायची. ज्याला पाण्याची खात्री नाही, ज्याला माप करण्याचा कंटाळा आहे, त्यानं डोळे मिटून हीच घ्यावी. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी आपण घालायचं. महाराष्ट्रातल्या हवेला एक भाग कॉन्सन्ट्रेट आणि दोन भाग पाणी हे प्रमाण बऱ्याच कंपन्या चालवून घेतात. निम्मं-निम्मं अधिक सुरक्षित. एक तृतीयांशाच्या खाली गेलं, की संरक्षक द्रव्यं पुरेशी उरत नाहीत.

जास्त घातलं तर जास्त चांगलं, हाही गैरसमजच. याचा धडा विमानांनी फार पूर्वी घेतला. स्पिटफायर विमानाच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल वापरत. इंजिन फार तापायचं. पुढच्या आवृत्त्यांत अभियंत्यांनी ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल दाबाखाली फिरवलं, आणि तेच इंजिन पुष्कळ कमी तापमानावर चालू लागलं. शुद्ध ग्लायकॉल उष्णता कमी उचलतं, पाण्यापेक्षा घट्ट असतं, आणि गोठतंही उणे १३ अंशांच्या आसपासच. पाणी आणि ग्लायकॉल एकत्र आले की दोघांच्या उणिवा भरून निघतात.

प्रमाण एकदा जमलं तरी ते टिकत नाही, कारण मधल्या काळात कुणीतरी ‘थोडं पाणी टाकतं’. पाच लिटरची यंत्रणा धरा, आत निम्मा कूलंट. कुठेतरी बारीक गळती आहे आणि दर महिन्याला पाव लिटर मिश्रण कमी होतं. सर्व्हिसिंगच्या आधी धुणारा मुलगा किंवा पंपावरचा माणूस तेवढं नळाचं पाणी भरतो. वर्षाच्या शेवटी ५० टक्क्यांचा कूलंट २७ टक्क्यांवर आलेला असतो. रंग अजून हिरवाच दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. बंद यंत्रणेत पातळी दर महिन्याला उतरायला नकोच. उतरत असेल तर आधी गळती शोधायची. पाइपच्या क्लॅम्पजवळ, वॉटर पंपाच्या खाली किंवा रेडिएटरच्या शिवणीवर वाळलेला रंगीत डाग दिसतो.

बदलतानाही एक बारकावा राहून जातो. खालचा ड्रेन उघडला की रेडिएटर रिकामा होतो, पण ब्लॉकच्या पोटात बरंच जुनं पाणी राहतं. गॅरेजवाला नळाचा पाइप लावून धुतो तेव्हा ती जागा नळाचं पाणी घेतं. नंतर महागडा कूलंट भरला, तरी त्यात एक-दोन लिटर नळाचं पाणी मिसळलेलंच असतं. शेवटची धुणी डीएम वॉटरची करून घ्यावी, आणि आग्रहानं करून घ्यावी. भरल्यावर आतली हवा काढणंही तितकंच गरजेचं: हीटर पूर्ण गरमवर ठेवून, इंजिन चालू ठेवून, पंखा एक-दोनदा लागेपर्यंत थांबायचं. हवेचा बुडबुडा हेडमध्ये अडकला, तर भरलेल्या टाकीची गाडीही तापते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या रिवाजाबद्दलही बोलायला हवं. गाडी गरम होते अशी तक्रार घेऊन गेलं, की काही ठिकाणी हा मेणाच्या गोळीवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह सरळ उपटून फेकतात. ‘आपल्या हवेला लागत नाही.’ लागतो. तो साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो नसला तर इंजिन थंडच राहतं, इंधन जास्त खातं, ऑइलमध्ये ओलावा साठतो, सिलिंडर लवकर झिजतात. मूळ दोष, म्हणजे खपली, झाकण किंवा पंखा, तिथेच राहतो.

ट्रक आणि ट्रॅक्टरच्या मालकांसाठी एक धोका वेगळा. मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या लायनरला बाहेरून थेट कूलंट लागतं. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, त्याच्या बाहेर सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटताना धातूचा कण उडवतात. साध्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनाचा लायनर काढला, तर त्याच्या एका बाजूला चाळणीसारखे खड्डे दिसतात. एखादा आरपार गेला की पाणी थेट ऑइलमध्ये. अशा इंजिनांचा कूलंट त्यासाठी खास द्रव्यं घालून बनवलेला असतो. कारचा कूलंट त्यात चालत नाही.

रस्त्यात काटा लालकडे गेलाच, तर नियम वेगळे. एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी कडेला. वाफ निघत असेल तर इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबायचं. काटा अचानक खाली आला म्हणून हायसं वाटून घेऊ नये. पाणीच संपलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. गरम झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतलं मिश्रण एका क्षणात वाफ होऊन उसळतं आणि चेहरा, हात भाजतात. थंड झाल्यावर मिळेल ते स्वच्छ पाणी खुशाल भरावं, अगदी नळाचंसुद्धा, कारण कोरड्या इंजिनापेक्षा ते केव्हाही बरं. मात्र पुढच्या चार-आठ दिवसांत ते काढून, धुऊन, योग्य मिश्रण भरून घ्यावं.

आणि घरात उरलेल्या बाटलीबद्दल. इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि विषारी असतं. शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. मोठ्या माणसालाही शंभर मिलीलिटरच्या आसपासची मात्रा जिवावर बेतू शकते, लहान मुलाला आणि कुत्र्या-मांजराला त्याहून फार कमी. रंगीत, गोड आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं सरबतासारखं दिसणारं हे द्रव्य मुलाच्या हाती लागू नये. उरलेला कूलंट मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावा. जुना काढलेला गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये, गॅरेजमध्ये द्यावा. कुणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावं. यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो.

वाचकहो, उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडा. कूलंटच्या पांढरट टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये पातळी आहे का पाहा. रंग गढूळ किंवा गंजकट दिसला, किंवा आत काय भरलंय हे तुम्हाला आणि मेकॅनिकला दोघांनाही सांगता येत नसेल, तर ते सगळं काढून नव्यानं भरून घ्या. आणि भरल्याची तारीख, किलोमीटर, कूलंटचा प्रकार एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा; पुढच्या वेळी जो कुणी झाकण उघडेल, त्याला ती आधी दिसेल.